मसणवट्याची सरासरी

तुम्ही कधी खऱ्याची आणि खोट्याची सरासरी काढली आहे का? एकदा काढून बघा. एक माणूस म्हणतो, कुंपण दारापासून दहा हातांवर होतं. दुसरा म्हणतो, दोन हातांवर. तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. तुम्ही सहा हातांवर खुंटी ठोकता, हात झटकता आणि घरी जाता. खरं बोलला त्याचे चार हात गेले, खोटं बोलला त्याला चार हात मिळाले. आणि तुमचं नाव मात्र चारी दिशांना झालं, की साहेब सरळ माणूस.

असा एक सरळ माणूस आमच्या वाडीवर आला होता. राग निवला की लिही, असं मला घरच्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी काही वर्षं थांबलो. राग निवलेला नाही. तेव्हा आहे तसाच लिहितो.

आमची बौद्धवाडी पोलादपूरच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठी. घरांच्या पुढे मोठं भातशेत आहे, ते आमचं नव्हे. शेत संपलं की नदीकडेला एक लांबट पट्टा लागतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये पोट सुटल्यासारखा रुंद. त्यावर दोन-तीन करंज, बाकी गोटे आणि गवत. हा आमचा मसणवटा. गावाची स्मशानभूमी वेगळी आहे, तिला पत्र्याचं छप्पर आहे, आणि तिथे आमचे मेलेले चालत नाहीत.

पट्ट्याला तीन दगडांची हद्द होती. एक दगड वरच्या टोकाला, ऐनाच्या झाडाखाली, अगदी नदीच्या काठावर. एक खालच्या टोकाला, नदीच्या उताराशी, तोही काठावरच. आणि तिसरा मध्ये, नदीपासून आत, शेताच्या बाजूला. हा मधला दगड होता म्हणून पट्ट्याला पोट होतं. तो काढला तर पट्टाच राहत नाही, नुसता काठ राहतो.

पावसात सावित्री चढते आणि पट्ट्याचा नदीकडचा अर्धा भाग पाण्याखाली जातो. शेताकडचा अर्धा उंचावर आहे, तो कोरडा राहतो. म्हणून आमचे लोक पहिल्यापासून माणूस जाळायचे ते उंचावर, मधल्या दगडाच्या जवळ. माझ्या वडिलांना तिथेच जाळलं. जुलै महिना होता. पाणी करंजाच्या बुंध्याला लागलं होतं, वर गोणपाटाचा आडोसा धरून चार माणसं उभी होती, पण खालची जमीन कोरडी होती आणि चिता नीट जळली. आईने ती जागा डोळ्यांत ठेवली होती. ती म्हणायची, "मला बी हितंच आना. पान्यात नको."

वडील मुंबईला गिरणीत होते. गावी यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीत खाऊ थोडा आणि पत्रकं फार. गुलाबी, पिवळी, हिरवट कागदाची, सभेची, संपाची, मोर्च्याची. आमच्या कुडाच्या भिंतीतून वारा यायचा म्हणून आई ती पत्रकं शेणाच्या लेपावर चिकटवायची. मी वाचायला शिकलो तो त्या भिंतीवर. शाळेतल्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं. आमच्या भिंतीवर लिहिलं होतं, सर्वांना समान वाटा. मला तो शब्द फार आवडायचा. समान. चुलीच्या उजेडात तो मोठा दिसायचा.

वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी भातकापणीनंतर मधला दगड जागेवर नव्हता.

शेताच्या मालकाला सगळा गाव अण्णा म्हणतो, आम्हीही म्हणायचो. अण्णा म्हणाले, पुराने नेला. माझ्या थोरल्या चुलत्याला आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी हळूच विचारलं, "पान्यानं कसा न्हेला अण्णा? पानी तितवर येतच नाय."

"या वर्सी आलं," अण्णा म्हणाले.

"आमच्या तर नदरंला नाय पडलं."

"रातचं आलं नि रातचं गेलं. तुमाला काय सांगून येतंय?"

नदी जिथे पोचत नाही तिथला दगड नदीने नेला. दोन्ही टोकांचे दगड अगदी काठावर, ते मात्र तिने ठेवले. मग अण्णांच्या नांगराची तासं हळूहळू पट्ट्याच्या पोटात शिरायला लागली. वाडीतल्या लोकांनी मोजणीसाठी अर्ज केला. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. अर्ज त्या जिल्ह्यात कुठे कुठे फिरला ठाऊक नाही, पण एका हिवाळ्यात मोजणीवाले साहेब आले.

मी त्या वर्षी महाडच्या कॉलेजात गणित घेऊन शिकत होतो. कॉलेज बुडवून घरी थांबलो. मला वाटलं, आता साखळी येणार, फीत येणार, आकडे येणार. आकड्यांना अण्णा कोण आणि आम्ही कोण, हे काय कळतंय? मी खूश होतो.

साहेब तरुण होते, देशावरचे. त्यांच्याबद्दल खोटं काही लिहिणार नाही. त्यांनी अण्णांच्या घरचा चहा घेतला नाही. आमच्याकडचाही घेतला नाही. दोन्हीकडे एकाच शब्दात नको म्हणाले. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि जुना नकाशा उघडला. वर्षानुवर्षांच्या दमटाने कागद आकसला होता आणि मधल्या दगडापाशीच घडी पडून फाटला होता. त्या जागी नुसतं भोक.

"दगड कसा गेला, ते माझं काम नाही," साहेब म्हणाले. "कुठे होता तेवढं सांगा. दोन्ही बाजूंची सात-सात माणसं द्या. जास्त नको, कमी नको. ज्याला जिथे आठवतो तिथे त्याने उभं राहायचं. मी प्रत्येकाची जागा मोजतो."

सात-सात. मला वाटलं, वा, समान.

आधी अण्णांची माणसं गेली. अण्णा बांधावर छत्री उघडून बसले होते. ती सात माणसं पट्ट्यात उतरली आणि काठाच्या अगदी जवळ, नदीपासून चार पावलांवर, एका घोळक्यात उभी राहिली. इतकी खेटून, की एकजण दुसऱ्याला म्हणाला, "सरक की रे, पायावर पाय देतोस."

"मंग तू सरक. माजा दगड हितंच व्हता."

"माजा बी हितंच."

सगळे हसले. त्यातला एकजण वडिलांबरोबर लहानपणी गुरं राखायला जायचा. तो हसला नाही, खाली बघत राहिला. पण उभा राहिला तिथेच.

साहेबांनी प्रत्येकाच्या पायाशी चुन्याची चिमूट टाकली आणि दोन-दोन आकडे घेतले. नदीच्या कडेने वरच्या दगडापासून किती, आणि नदीपासून आत किती. कॉलेजात आम्ही याला निर्देशक म्हणत होतो. इथे निर्देशक माणसांच्या टाचांखाली होते.

मग आमची सात. इथे जे झालं ते मी पत्रकात कधी वाचलं नव्हतं.

आमच्या गावात अण्णा पायवाटेवर समोरून आले की आमची म्हातारी माणसं वाटेवरून दोन पावलं खाली उतरतात. कुणी सांगत नाही, पायच उतरतात. आबा पट्ट्यात शिरले, थेट चालत मधल्या दगडाच्या जागी गेले, एक क्षण उभे राहिले. मग त्यांनी बांधावरच्या छत्रीकडे बघितलं. आणि नदीच्या बाजूला दोन पावलं मागे सरले. तिथे थांबले. दुसरे काका आबांच्या भिडेने त्यांच्याही मागे जाऊन उभे राहिले. तिसऱ्याला जागा नक्की आठवत नव्हती, तो प्रामाणिकपणे जरा डावीकडे गेला. एकजण उजवीकडे. कुणी पाच पावलं सोडली, कुणी सात. आमचे ठिपके शेळीच्या लेंड्यांसारखे विखुरले.

मी बांधावरून ओरडलो, "आबा, पुढे व्हा! तिथे नव्हता दगड!"

आबांनी हाताने मला गप्प केलं.

सातवी माझी आई होती. वडिलांच्या जागेवर लोक तिला बाजूला व्हायला सांगतील असं तिला वाटत असावं, कारण ती पदर खोचून भांडायला निघाल्यासारखी चालत गेली. मधला दगड होता नेमकी तिथे, नदीपासून सोळा पावलांवर, उभी राहिली. सगळ्यांपासून लांब, एकटी. एकही पाऊल मागे नाही.

"ही बाई महाडच्या पलीकडची," अण्णा बांधावरून म्हणाले. "लगीन होऊन आलेली. हिला हितली शीव काय ठावकी? काय गो, तुज्या बापानं पुरला व्हता दगड?"

"नाय, माज्या बापानं नाय पुरला," आई म्हणाली. "माजा नवरा जाळलाय मी हितं. चार पावलं नदीच्या अंगाला. तुमाला दगड नाय आठवत अण्णा, मला राख आठवती."

साहेब म्हणाले, "बाईंचाही ठिपका धरणार. माझ्याकडे सगळे सारखे." आणि त्यांनी आईच्या पायाशी चुना टाकला, इतरांच्या पायाशी टाकला होता तेवढाच.

मग ते करंजाखाली बसले आणि चौकटीच्या कागदावर हिशेब मांडला. मला शिकलेला म्हणून जवळ बसवून घेतलं, समजावलं. नकाशा आकसलेला, फीत मीटरची, जुनं माप साखळीचं, त्यामुळे आकडे सरळ जुळणार नाहीत. म्हणून आधी सगळे एका मापात बसवायचे. वरचा दगड शून्य. खालचा दगड एक. या दोन दगडांमधल्या अंतराने प्रत्येक आकड्याला भागायचं, म्हणजे मीटर नाही, साखळी नाही, नुसते भाग राहतात. मग सगळ्या ठिपक्यांची बेरीज, भागिले चौदा. जिथे येईल तिथे दगड.

पद्धत बरोबर होती. आम्हाला कॉलेजात हीच शिकवली होती.

आई ज्या जागी उभी होती ती झाली आठ शतांश. अण्णांच्या माणसांचा घोळका दोन शतांशावर. आमच्या सातांची सरासरी, आईला धरूनही, सहा शतांशापर्यंतच आली. आणि सगळ्यांची मिळून चार शतांश.

"बघ," साहेब म्हणाले. "त्यांचे ठिपके एकमेकांना किती धरून आहेत. तुमचे बघ कसे पसरलेत. खरं तर त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायला हवा. तरीही मी दोघांना सारखंच वजन दिलंय."

"साहेब, त्यांचे जवळ आहेत कारण ते ठरवून उभे राहिले. आमचे आठवून उभे राहिले."

"ते मला कागदावर दिसत नाही."

"आमच्या माणसांनी अण्णांना बघून पावलं सोडली."

"मी सांगितलं होतं का सोडायला?"

मी म्हटलं, "निदान आई जिथे उभी आहे..."

"अरे, तुझ्या आईच्या जागेत आणि या जागेत चार शतांशाचा फरक आहे," साहेब जरा हसून म्हणाले. "शंभरात चार. एवढ्याशासाठी तुम्ही लोक भांडता?"

तिथे मला पहिल्यांदा कळलं की लबाडी बेरजेत नव्हती. ती त्या एकमध्ये होती. नदीकाठची सगळी लांबी, वरच्या दगडापासून खालच्या दगडापर्यंत, म्हणजे एक. त्या लांबलचक एकापुढे आमची आठ पावलं चार शतांश होतात आणि पेन्सिलीच्या रेघेत लपतात. पण आमच्या मसणवट्याच्या पोटाची रुंदीच सोळा पावलं होती. ती एक धरली असती तर याच आठ पावलांना अर्धं म्हणावं लागलं असतं. आणि अर्धं गेलं असं लिहिताना साहेबांचा हात थांबला असता. कदाचित.

मी तसं बोललो. "साहेब, एक म्हणून आमचा मसणवटा धरा आणि पुन्हा सांगा किती जातंय."

"असं कसं धरता येईल? प्रत्येकजण आपलं ते एक धरायला लागला तर मोजणीच होणार नाही."

"मग हे एक कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही. म्हणून तर ते न्याय्य आहे."

मी मोठ्याने बोलायला लागलो. भिंतीवरची सगळी पत्रकं तोंडात आली. शोषण, कारस्थान, व्यवस्था. अण्णांची माणसं जमली आणि करमणूक झाल्यासारखी ऐकत राहिली. एकजण म्हणाला, "भासन भारी करतोय रे, लाउडस्पीकर आना कुनी." आईने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. साहेबांनी बरोबर आणलेल्या गड्याला खूण केली. नदीपासून आठ पावलांवर नवा दगड पुरला गेला.

तो दगड बरोबर उंचवटा सुरू होतो तिथे बसला. नदीकडचा अर्धा आमचा, जो पावसात पाण्याखाली असतो. शेताकडचा अर्धा अण्णांचा, जो कोरडा राहतो. सरासरीला पूर माहीत नव्हता. वडिलांची जागा दगडाच्या पलीकडे गेली.

संध्याकाळी मी आबांना विचारलं, का सरलात मागे?

ते म्हणाले, "डोल्यात खुपायला नको म्हनून रे. दोन पावलं आपुन सोडली, का तेंला बी लाज वाटंल, ते बी दोन सोडतील. मधी कुटंतरी गाठ पडंल, भांडान मिटंल. मला काय ठावं ते धा-बारा खातील?"

हीच आमच्या लोकांची चूक. समोरचाही आपल्यासारखाच लाजेल, हे त्यांनी धरून चालायचं. ही चूक दुसरं कुणी करत नाही, आणि या चुकीचा तक्ता कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही.

महाडला परत गेल्यावर मी गणिताच्या सरांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी फळ्यावर ठिपके काढले, म्हणाले, सरासरी काढताना आपण असं धरतो की चुका दोन्ही बाजूंना सारख्या होतात, कुणी इकडे चुकतं, कुणी तिकडे, आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतात.

"आणि सर, एका बाजूने चूक नसून लबाडी असली तर? आणि दुसऱ्या बाजूने भिडस्तपणा? दोन्ही एकाच दिशेला?"

सरांनी फळा पुसला. "मग तो गणिताचा प्रश्न राहत नाही," ते म्हणाले.

मग तो कुणाचा प्रश्न होतो, ते त्यांनी सांगितलं नाही. मी फेरमोजणीचा अर्ज केला. उत्तर आलं की मोजणी नियमाप्रमाणे झाली आहे. झाली होतीच.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. कशेडीत दरड आली होती, घाटात ट्रक अडकले होते, खेडला दिलेली त्यांची मुलगी वेळेवर पोचू शकली नाही. तिच्यासाठी थांबलो, तोवर सावित्री चढली. पट्ट्याचा आमचा अर्धा पाण्याखाली गेला. नवा दगड तेवढा डोकं वर काढून होता, जणू आमच्यासाठी तेवढीच कोरडी जागा ठेवली होती. आबांना खांद्यावर घेऊन आम्ही शेताच्या कडेला उभे. पलीकडे उंचवटा कोरडा, पण तो आता अण्णांचा.

चुलतभाऊ अण्णांच्या दारात विचारायला गेला. अण्णा रागावलेसुद्धा नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "जाळा की रे. मी नको म्हनतोय होय? म्हातारा भला मानूस व्हता. फकस्त दर टायमाला येऊन इचारत जा, म्हंजे झालं."

आम्ही आबांना जाळलं, त्यांच्याच जागेवर, विचारून. त्यांनी सोडलेल्या दोन पावलांच्या पलीकडे, जिथे ते त्या दिवशी एक क्षण उभे राहिले होते. वाडीतले लोक अण्णांना भला म्हणत परतले. मला तेव्हा जे वाटलं ते कुठल्या पत्रकात बसणार नाही, म्हणून लिहीत नाही.

परत येताना आई माझ्या पुढे चालत होती. चिखलात पाय रोवत, मागे न बघता म्हणाली, "माज्या टायमाला इचारायला जायाचं नाय."

"मग कुठे नेऊ?"

"तू शिकलाईस ना. तू बघ."

आई आहे अजून. दम लागतो, चुलीपासून दारापर्यंत यायला दोनदा थांबते. पावसाळा लागला की माझी झोप उडते. मी आकाश बघतो आणि नदी बघतो आणि मग तिच्याकडे बघतो, आणि हे तिन्ही तिला कळतं. फेरमोजणीचा तिसरा अर्ज या महिन्यात दिला आहे. यावेळी मी लिहिलंय की एक म्हणून मसणवट्याची रुंदी धरा. कारकून वाचून हसला. पण शिक्का मारून घेतला.

आता तुम्हाला सांगतो, हे वाचून हळहळू नका. हळहळ आमच्याकडे भरपूर आहे. त्याऐवजी उद्या सकाळी एक काम करा. तुमच्या वाडीतलं जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल, बाई असो की बुवा, त्याला हाताला धरून तुमच्या विहिरीच्या, वाटेच्या, मसणवट्याच्या हद्दीवर न्या. साहेब यायच्या आधी न्या. दगड कुठे होता ते त्याला पायाने दाखवू द्या आणि त्या पायाशी, सगळ्या वाडीच्या देखत, खोल दगड पुरा. आणि बांधावर कुणी छत्री उघडून बसलं असेल, आणि त्या म्हाताऱ्याचे पाय मागे सरायला लागले, तर त्याचा दंड घट्ट धरा. एक पाऊलही मागे घेऊ देऊ नका.